टिपुगड्यांचा डॅशबोर्ड

आबा टिपुगड्यांनी रेक्झिनचा तुकडा माझ्या काउंटरवर आपटला, तेव्हा शामराव सातपुते समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. दुसऱ्या कुठल्याही वेळी आबा आले असते तर एवढं वाटलं नसतं.

“परत निघालं,” आबा म्हणाले. “केळ्याच्या सालीगत सोलून निघालं. सोल्युशन विकतायसा का पाणी?”

“आबा, जरा हळू बोला.”

“हळू कशापायी? ऐकू दे की समद्यास्नी.”

शामरावांनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर तरी दिलं असतं.

शामराव म्हणजे चप्पल कारागिरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीला चपला चिकटवायला वर्षभर लागणारं सोल्युशन कुणाच्या दुकानातून उचलायचं, ते दरवर्षी पाडव्याच्या आधी ठरायचं. आमचे वडील होते तोवर तो माल आमच्याकडूनच जायचा, त्याची चर्चासुद्धा होत नसे. वडील गेले आणि मी गल्ल्यावर बसले. बाईला सोल्युशनमधलं काय कळतंय, असं अर्धं सुभाषनगर उघड म्हणत होतं आणि उरलेलं अर्धं मनात. त्या वर्षी सोसायटीचा माल माझ्या हातून सुटला असता तर दुकान चालवणं मुश्कील होतं. हे मला माहीत होतं, शामरावांना माहीत होतं, आणि आबांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मी तुकडा हातात घेतला. तपकिरी रेक्झिन, मागे पातळ फोम. फोमला माझं सोल्युशन लागलेलं दिसत होतं. पातळ आणि सगळीकडे सारखं. लावणाऱ्याच्या हातात खोट काढायला जागा नव्हती. मालात खोट नाही याची मला खात्री होती. मग निघालं कसं?

“मी बघते,” मी म्हटलं. “दुसरा डबा देते, आबा.”

“किती डबं देणार? डबं न्यायला माझी ना न्हाई, पर चिकटणार कधी?”

आबा डबा घेऊन पायऱ्या उतरून गेले. शामराव उठले, चप्पल पायात सरकवली आणि जाता जाता म्हणाले, “सुलभाताई, पुढल्या रविवारी बैठक हाय सोसायटीची. त्याच्या आधी मी एक चक्कर टाकतो. तवर हे काय हाय ते निस्तरा.”

हे प्रकरण सुरू झालं होतं ते आबांच्या मुलापासून. धैर्यशील पुण्याला एका मोटार कंपनीत इंजिनिअर. त्यानं एक गाडी मागवली होती. गाडी कसली, खोकी! इंजिन एका खोक्यात, चाकं दुसऱ्या खोक्यात, फायबरची बॉडी पेंढ्यात गुंडाळलेली. आणि हे सगळं आपण घरी जोडून त्याची उघड्या टपाची, दोन माणसं बसतील अशी छोटी गाडी करायची. पैसे मोजायचे आणि वर राबायचंही आपणच, यातली मजा मला तेव्हा कळली नाही आणि अजूनही कळत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, म्हणून खोकी उद्यमनगरात आबांच्या शेडमध्ये येऊन पडली. लोखंड कातायची आबांची लेथ तिथे होती, ती बंद पडून काही वर्षं झाली होती. धैर्यशील शनिवारी पुण्याहून यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. असं करत करत गाडी होत आली. इंजिन चालू झालं, चाकं फिरली, रंग झाला. डॅशबोर्डला कव्हर चढवायचं तेवढं राहिलं होतं.

त्या कव्हरसाठी दोघं बापलेक पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मला काही म्हणजे काही समजलं नाही. धैर्यशील काउंटरला येऊन उभा राहिला. आबा खाली पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून.

“ताई, फायबरवर रेक्झिन चिकटवायचंय. स्प्रेचं काही मिळेल का?”

मी काही बोलायच्या आत पायरीवरून आवाज आला, “त्याला म्हणावं, स्प्रे ढेकणावर मारत्यात.”

मी आजूबाजूला बघितलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

“कुणाला म्हणू?” मी विचारलं.

“त्याला.”

धैर्यशीलच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “आबांना सांगा, बाहेरच्या देशात सगळे स्प्रेच वापरतात.”

दोघांमध्ये अंतर होतं ते हातभर. आबांना ऐकू कमी येतं की काय, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, “ते म्हणतात, बाहेरच्या देशात—”

“ऐकलं मी,” आबा म्हणाले. “भैरा न्हाई मी.”

मग मी डबे काढले. गिऱ्हाईक कसंही असो, आपण माल नीट दाखवायचा, ही वडिलांची शिकवण. पांढरा डिंक दाखवला आणि सांगितलं, हा लाकडाचा. लाकूड त्यातलं पाणी पिऊन घेतं म्हणून तो वाळतो. फायबर पाणी पीत नाही, रेक्झिनही पीत नाही, त्यामुळे आत ओलाच राहील. मग पिवळं, चपलेचं. कातडं धरून ठेवायला त्यासारखं दुसरं नाही, पण डॅशबोर्ड काचेमागे असतो. गाडी उन्हात उभी राहिली की काचेमागे भट्टी होते आणि हे मऊ पडतं.

“चपलेला चालतंय न्हवं?” पायरीवरून आबा. “कोल्हापूरच्या रस्त्यावर घासून टिकतंय, मग नुस्तं काचेमागं बसून का टिकायचं न्हाई?”

“आबा, चप्पल पायात असते. पायाला भट्टी लागली तर माणूस चप्पल काढून सावलीत जातो.”

धैर्यशील हसला. आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण रागानं नाही.

“आणि स्प्रे?” धैर्यशीलनं विचारलं.

“स्प्रे सपाट जागेला बरा. तुमच्या डॅशबोर्डला मीटरच्या वर कमान असेल. तिथं रेक्झिन ताणून बसवावं लागतं. ते सारखं मागं ओढ घेतं. ती ओढ धरून ठेवायला स्प्रेमध्ये ताकद नाही.”

शेवटी गरमीचं सोल्युशन दिलं. मोटारीच्या छताचं कापड चिकटवायला वापरतात ते. ऊन सोसतं, ओढ सोसते. दोन्ही अंगांना पातळ हात मारायचा, बोटाची मागची बाजू टेकवून बघायची आणि चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, तेव्हा कमानीपासून सुरुवात करून कडेला यायचं. केस वाळवायच्या यंत्रानं रेक्झिन गरम करून घेतलं की ते कमानीवर छान बसतं. एवढं सगळं मी सांगितलं.

“त्याला सांगा,” आबा म्हणाले, “ताई म्हणतात तसं कर.”

“आबांना सांगा,” धैर्यशील म्हणाला, “मी ऐकतोय.”

पुढच्या शनिवारी धैर्यशील एकटाच आला. कव्हर निघालं होतं. मला वाटलं, ओलं असताना जोडलं असेल. तो म्हणाला, नाही, घड्याळ लावून बसलो होतो. मी दुसरा डबा दिला. त्यानंतर आबा आले, मग पुन्हा आबा आले. मधे एकदा आबांच्या हट्टापायी पिवळंही लावून झालं. तेही निघालं. गरमीचं निघतं, पिवळं निघतं, आणि निघतं ते अगदी सारखंच, एका कडेपासून कमानीपर्यंत. दोन वेगळी सोल्युशनं एकाच तऱ्हेनं कशी निघतील? मला हे कोडं रात्रंदिवस छळायला लागलं. स्वयंपाक करताना मीठ टाकलं की नाही ते आठवेना.

आबा काउंटरवर आपटून गेले तो तुकडा मी वास घेऊन बघितला. सोल्युशनच्या वासाखाली घासलेटचा वास होता. पण लेथवाला माणूस हात घासलेटनंच धुतो, म्हणून मी तो विचार सोडून दिला. फायबरचा एक तुकडा मिळवला, त्यावर तेच रेक्झिन त्याच डब्यातल्या सोल्युशननं चिकटवलं आणि वर काच ठेवून दुकानाच्या पत्र्यावर उन्हात टाकलं. मार्चचं ऊन होतं. संध्याकाळी पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. मी पक्कड घेऊन रेक्झिन ओढलं. फोम फाटला, पण सोल्युशन सुटलं नाही.

आता तर मी पुरतीच गोंधळले. माझ्या पत्र्यावर टिकतं ते उद्यमनगरात का टिकत नाही? माझं काही चुकतंय का? वडील असते तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. बाजारात तोवर बोभाटा झालाच होता. व्हटकरांच्या, म्हणजे आमच्या दुकानात थिनर मिसळतात, असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. मी त्याला हाकललं, पण म्हणायचा तो म्हणून गेलाच.

शेवटी आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी, दुकान बंद करून मी उद्यमनगरात गेले. म्हटलं, गाडी आपल्या डोळ्यांनी बघायची. गाडी कुठे उभी असते, ऊन कुठून येतं, पाणी गळतं का, काय ते एकदा कळू दे.

टिपुगड्यांचं घर शेडच्या मागेच होतं. शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत लेथवर गोणपाट टाकलेलं, आणि मधोमध ती गाडी, हिरवीगार, इवलीशी. गाडीच्या आत कुणीतरी वाकलं होतं. पदर कमरेला खोचलेला. एका हातात कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात उलथणं. जवळच वाटीत घासलेट. बोळा कडेला फिरवायचा, थोडं थांबायचं आणि उलथणं आत सारायचं. काम अगदी बेतानं चाललं होतं.

“काकी?” मी म्हटलं. त्या आबांच्या घरच्या, धैर्यशीलच्या आई.

उलथणं खाली पडलं. त्या फरशीवर एवढा आवाज झाला की मीच दचकले.

“हळू,” काकी म्हणाल्या. “हे निजल्यात आत.” मग माझ्याकडे बघितलं. “बसा. च्या टाकू?”

“काकी, हे तुम्ही करताय?”

त्यांनी वाटी पाठीमागे लपवली. मी बघितली होती, त्यांनाही कळलं होतं मी बघितली आहे, तरी लपवली.

“तुम्ही कशाला काढताय ते? दर वेळी तुम्हीच?”

“दर येळी,” त्या म्हणाल्या. मग गाडीच्या कडेवर टेकल्या. मी तिथल्याच एका खोक्यावर बसले. त्या पदराच्या टोकानं नखं पुसू लागल्या. नखांत पिवळं बसलं होतं.

“धैर्या पुण्याला गेला न्हवं का,” त्या म्हणाल्या, “त्या दिवसापासनं दोघं बोलत न्हाईत. ह्यांचं म्हणणं, लेथ चालीव. त्याचं म्हणणं, नोकरी करतो. भांडान झालं. मग भांडान मिटलं, पर बोलणं काय परत आलं न्हाई. लेक सणाला यायचा, जेवायचा, जायचा. हे बाहीर कट्ट्यावर. मग ही खोकी आली. मला वाटलं, आलं आणिक एक झंगाट. तर एक दिस हे शेडात आले आणि म्हणाले, ‘त्याला सांग, तो नट उलटा बसवलाय.’”

“म्हणजे तुम्हाला सांगितलं.”

“मलाच. पर बोलले न्हवं का? मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘आबांना विचार, मग कसा बसवू?’ मी ह्यांना विचारलं. झालं, तवापासनं शनिवार-रविवार मी मधी हुबी. पाना दे म्हणावं, बत्ती धर म्हणावं. त्या दोन दिसांत मला चपात्या लाटायला सवड गावत न्हाई.” त्या हसल्या. “एवढं बरं वाटतंय म्हणून सांगू.”

“मग आता गाडी झालीच की.”

“तेच तर. गाडी झाली की तो तिच्यात बसणार आणि भुर्रकन जाणार. मग शेडात कोण येतंय? लेक यील हो, माझ्यासाठी यील. जेवून दुपारी जाईल. पर ह्यांच्यापाशी कशाला थांबंल?” त्यांनी डॅशबोर्डकडे बघितलं. “एवढंच राहिलंय आता. हे चिकटलं की संपलं.”

माझ्या डोक्यात इतके दिवस घोंघावणारं कोडं सुटलं होतं, आणि तरी सुटल्यासारखं वाटेना. मला हसूही येत होतं आणि रागही येत होता.

“काकी, माझं दुकान बुडतंय तुमच्यापायी,” मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

“खरंच सांगते. आबा बाजारात सांगतात, माझं सोल्युशन म्हणजे पाणी. रविवारी सोसायटीची बैठक आहे. ऑर्डर गेली तर वर्षभर मी काय विकू?”

काकींचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं सोल्युशन शेडमध्ये यायचं आणि निघायचं, त्याच्या मागे कुणाचं दुकान असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“देवा,” त्या म्हणाल्या. “मी सांगते त्यास्नी. रविवारी ते तुमच्याकडं भांडाय येणार हाईत, मी बी येते. सगळ्यांसमोर सांगते, मीच काढतेय म्हणून.”

“सांगाच,” मी म्हटलं. मला सांगावंच लागणार होतं तसं.

मी उठले. त्यांनी सवयीनं उलथणं उचललं आणि अर्धवट निघालेलं टोक धरून ओढलं. फोम चरचरला. माझ्याच्यानं राहवेना.

“असं ओढू नका, फोम फाटतो,” मी म्हटलं. “उलथणं आडवं धरा. कडेकडेनं.” आणि मी त्यांच्या हातातून घेऊन दाखवलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, मी काय करून आले ते.

रविवारी सकाळी शामराव आले, त्यांच्या खुर्चीत बसले. मी चहा मागवला. मला मनातून हायसं वाटत होतं. तास-दीड तासात सगळं उलगडणार होतं. काकी सांगणार, आबा गप्प होणार, शामराव हसणार आणि ऑर्डर माझी.

टिपुगडे आले ते तिघंही. या वेळी आबा पायरीवर थांबले नाहीत. ते आणि धैर्यशील दोघंही सरळ काउंटरला येऊन भिडले. काकी मागे दाराशी.

“ताई, हे आता फार झालं,” धैर्यशील म्हणाला. “गरमीचं लावलं, निघालं.”

“पिवळं लावलं, निघालं,” आबा म्हणाले.

“लावण्यात चूक नाही. आबांनी स्वतः हात मारलाय. त्यांचा हात कसा असतो ते अख्ख्या उद्यमनगराला विचारा.”

“आणि ह्यानं वाळवायला घड्याळ लावलं हुतं. मी बघितलंय. पोरगं असलं, तरी कामाला पक्कं हाय.”

शामराव एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. काकी पुढे आल्या.

“आवं, जरा ऐकता का? त्या सोल्युशनचं—”

“थांब गं, व्यवहाराचं चाललंय,” आबा म्हणाले, आणि मुलाकडे वळले. “धैर्या, सांग त्यास्नी, गेल्या रविवारी कमान बसवताना शेडात किती ऊन हुतं.”

“आबा, तुम्हीच सांगा. तुम्हीच पत्र्याला हात लावून बघितला होता.”

“व्हय की. चटका बसला. तूच म्हणलास, आबा, हात काढा.”

ते दोघं एकमेकांशी बोलत होते याचं भान त्यांना नव्हतं. मला होतं. मी काकींकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. एक हात काउंटरच्या कडेला घट्ट धरलेला. त्या मुलाकडे बघत होत्या, नवऱ्याकडे बघत होत्या, पुन्हा मुलाकडे. मग त्यांना आपला शब्द आठवला असावा. मला दिलेला शब्द त्या बाईला पाळायचा होता.

“ते सोल्युशन,” काकी म्हणाल्या, “ते मी—”

“माल खराब होता,” कुणीतरी म्हणालं.

कोण बोललं म्हणून मी शामरावांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. सगळेच माझ्याकडे बघत होते.

“डबे जुने होते,” मी म्हटलं. आता थांबताही येईना. “गोदामात उन्हाच्या बाजूला राहिले. माझं लक्ष नव्हतं. तुमच्या लावण्यात काही चूक नाही, आबा.”

का बोलले ते मला आजही धड सांगता येत नाही. मी दानशूर वगैरे नाही. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतानासुद्धा मी दोनदा मोजते. तिथं माझं सगळं वर्ष टांगणीला लागलं होतं, आणि खरं काय ते सांगायला एक बाई स्वतःहून उभी होती. तिला नुसतं बोलू द्यायचं होतं.

“बघ!” आबांनी काउंटरवर थाप मारली. “मी म्हणलं न्हवतं?”

“तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होता,” धैर्यशील म्हणाला. “मीच ऐकलं नाही.”

“आरं, तुला तरी काय ठावं. बाईमाणसाचं दुकान, आपण विश्वास ठेवला.”

“शाहूपुरीत एक मोठं दुकान आहे म्हणतात. बघू या का, आबा?”

“चल की. आत्ताच जाऊ.”

दोघं पायऱ्या उतरले. उतरताना माझ्या सोल्युशनला, माझ्या गोदामाला आणि एकूणच बायकांच्या धंद्याला ते एका सुरात नावं ठेवत होते. एवढं एकमत मी बापलेकांत कधी पाहिलं नाही. त्यांच्या मागे काकी निघाल्या, दाराशी थांबल्या, परत आल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बाहेरून आबांची हाक आली आणि त्या गेल्या.

शामराव उठले.

“तुम्ही खरं बोललात, सुलभाताई,” ते म्हणाले. “बाजारात कोण कबूल करतंय आपला माल खराब हाय म्हणून? तुमच्या वडलांचं नाव राखलंत. पर सोसायटीचा माल काय मला आता तुमच्याकडनं घेता यायचा न्हाई. कारागिरांना मी काय तोंड दाखवू?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

ते गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि रडले. मला स्वतःचा राग आला होता, काकींचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आबांचा. ‘बाईमाणसाचं दुकान’ हे शब्द जिवाला लागले होते. त्या वर्षी मी काय काय केलं ते माझं मला माहीत. रिक्षांचे हूड शिवणाऱ्यांच्या दारात उभी राहिले, सोफे करणाऱ्यांकडे डबे घेऊन फिरले, घरचं सोनं मोडायची वेळ आली होती. दुकान तगलं, पण नाकी नऊ आले.

काकी पुन्हा आल्या त्या मे महिन्याच्या भर उन्हात, एकट्या. हातात आंब्याची पिशवी. आत येऊन त्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या.

“काय म्हणताय, काकी?” मी विचारलं. माझ्या आवाजात गोडवा नव्हता, हे कबूल.

“काल भांडले,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“दोघं. दुपारभर! एकमेकाच्या तोंडावर. हे म्हणाले, तुला अक्कल न्हाई. तो म्हणाला, तुमच्यावरच गेलोय. शेजारची माणसं जमली ओ!” त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. “मी सैपाकघरात हुते. वाट बघत हुते, कोण हाक मारतंय म्हणून. कुणी मला मधी बोलवलंच न्हाई.”

मी पिशवीतले आंबे काढून टोपलीत ठेवले. ठेवता ठेवता माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

“आणि डॅशबोर्ड?” मी विचारलं. “शाहूपुरीतनं काय घेतलं त्यांनी?”

“टेप आणलाय म्हणं कसलातरी. दोन्ही अंगानं चिकटतोय. धैर्या म्हणाला, सोल्युशनची कटकटच नको. हे म्हणाले, झ्याक हाय, हात खराब हुईत न्हाईत. दोघांनी मिळून पसंत केला.”

कमानीवर टेप! वर काच, आणि बाहेर मे महिना.

“निघतोय का?” मी विचारलं.

काकींनी दाराकडे बघितलं, मग पुढे वाकल्या.

“दर आठवड्याला,” त्या म्हणाल्या. “आणि मी बोट बी लावत न्हाई ओ. आपसूक निघतोय.”

गरमीच्या सोल्युशनचे डबे माझ्या पाठीमागच्या फळीवर ओळीनं मांडलेले होते. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि चहाच्या टपरीवरच्या पोराला हाक मारून काकींसाठी चहा सांगितला.